एमटीपीच्या (गर्भपाताच्या) केसला सिस्टर ‘मी थांबणार नाही’ म्हणाली, तर?

वसुधा_इन्चार्ज
नमस्कार मंडळी. पश्चिम उपनगरातल्या एका मध्यम आकाराच्या खासगी हॉस्पिटलात मी गायनॅक फ्लोअरची इन्चार्ज आहे. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

नवीन लागलेल्या एका स्टाफने आल्या आल्या सांगितलं, “मॅडम, डिलिव्हरी, सिझर, नाईट, काहीही लावा. एमटीपीला मला लावू नका, माझ्या धर्मात बसत नाही.” मुलगी कामाला चोख आहे, तोंडाने गोड आहे. मी ड्युटी फिरवून दिली. ते बघून दुसरी म्हणाली, “माझं धर्माचं काही नाही, पण ज्या दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा येतात त्यांच्यासाठी मी का उभी राहू? साधनं वापरायला काय होतं यांना?” तिसरी काहीच बोलत नाही, त्यामुळे सगळ्या केसेस तिच्याच गळ्यात पडतात. आमच्या मेट्रन म्हणतात, हे लाड बंद करा.

मला खरंच विचारायचंय. स्टाफला नाही म्हणायचा हक्क असावा का? असला तर कुठपर्यंत? ओटीत (ऑपरेशन थिएटरात) ट्रे लावण्यापुरता? की नंतर बीपी बघणं, पॅड बदलणं, तिला पाणी देणं यालाही नाही म्हणायचं?

गिरगावचा_चौकोन
पगार घेता ना? मग काम करा. उद्या बेस्टचा कंडक्टर म्हणेल, बारमध्ये जाणाऱ्याला मी तिकीट देणार नाही. विषय संपला.

नाईट_ड्युटी
चौकोनसाहेब, तुमचा विषय फार लवकर संपतो बुवा. तिकीट फाडलं की कंडक्टर पुढच्या सीटकडे जातो. आम्ही बाईच्या उशाशी असतो, कळा सुरू झाल्यापासून सगळं होईपर्यंत.

लेडीज_डबा
मी पॉपकॉर्न घेऊन बसले होते, पण हा धागा पॉपकॉर्नचा नाही असं दिसतंय. बाजूला ठेवते.

खरवस
(स्त्रीरोगतज्ज्ञ, मुंबई.) नाईट_ड्युटी यांनी म्हटलंय ते डॉक्टर म्हणून मान्य करतो. बाहेरच्यांना कल्पना नसते म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं. आधी मिफेप्रिस्टोन, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. बहुतेक बायकांचं घरीच होतं आणि सिस्टरचा संबंध येतो तो समजावून सांगण्यापुरता. त्याच्या पुढे बारा आठवड्यांपर्यंत व्हॅक्युम. टेबलावरचं काम थोड्या मिनिटांचं. खरा प्रश्न बारानंतरचा आहे. तिथे मिसोप्रोस्टॉलचे डोस काही तासांच्या अंतराने देत राहायचे, कळा येतात, थंडी वाजून ताप येतो, उलट्या होतात, आणि शेवटी ती बाई अक्षरशः बाळंत होते. मी सकाळी राउंडला येतो, ऑर्डर लिहितो, ओपीडीला जातो. सगळं बाहेर पडतं तेव्हा खोलीत बहुधा सिस्टर असते. वार पूर्ण आली का, रक्तस्राव किती, गर्भपिशवी आवळली का, हे आधी तीच बघते. मी पोचेपर्यंत निम्मं उरकलेलं असतं.

म्हणजे केसपेपरवर निर्णय माझा, सही माझी, आणि हातात येतं ते तिच्या. तिला निर्णयात कुणी विचारलेलं नसतं. बऱ्याचदा कारणही सांगितलेलं नसतं.

सायनची_मोगरा
पालिकेच्या हॉस्पिटलातून रिटायर झाले. खरवस डॉक्टरांनी लिहिलं तसं डॉक्टर लोक निदान लिहितात तरी, आमच्या वेळी लिहितही नव्हते.

वसुधाताई, धर्माचं म्हणाल तर तो त्रास मला कधी झाला नाही. माझी आजी सांगायची, तिच्या चाळीत बायका काय काय पोटात घ्यायच्या आणि कशा मरायच्या. १९७१ चा कायदा झाला तेव्हा मी शाळेत होते, पण ट्रेनिंगला आल्यावर सेप्टिक वॉर्ड बघितला. काड्या घातलेल्या बायका, पोट लाकडासारखं कडक, वास. तो वॉर्ड बघितलेली सिस्टर एमटीपीला पाप म्हणणार नाही, असं मला वाटायचं. अर्थात म्हणणाऱ्याही होत्या, त्याच वॉर्डातल्या.

मला अडकायला व्हायचं ते वेगळ्याच जागी. एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. व्यंग असलेलं बाळ, अॅनोमली स्कॅनमध्ये कळलेलं, हवं असलेलं मूल. रात्री झालं. मी ते हिरव्या कापडात गुंडाळून बाजूला घेतलं, तर आई म्हणाली, “सिस्टर, मुलगा होता की मुलगी?” तिला रडायला काहीतरी धरून हवं होतं, नाव ठेवायचं होतं मनातल्या मनात. आणि दाराशी सासू उभी. तिलाही तेच जाणून घ्यायचं होतं, पण तिचा हिशेब वेगळा. आमच्याकडे नियम असा की सांगायचं नाही, कुणालाच नाही. पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या) भीतीने पाळलेला नियम. मी सासूला चहा प्यायला खाली पाठवलं. पुढे काय केलं ते इथे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट पिवळ्या पिशवीची. २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम आहेत, त्याप्रमाणे ते पिवळ्या पिशवीत जातं, वार जाते तशी, कापलेला पाय जातो तसा. नियम बरोबरच आहे, संसर्गाचा प्रश्न आहे. पण बाप हात जोडून उभा असतो, “सिस्टर, द्या, आम्ही पुरतो.” वर फोन करावा तर आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणणार उद्या बघू. उद्या गाडी येऊन घेऊन जाते.

बाबुलनाथ_पायरी
मोगराताई, पुढे काय केलंत ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा 🙂

सायनची_मोगरा
नाही करणार.

कलम_किडा
वकील आहे, म्हणून मला या धाग्यावर कोणी बोलावलेलं नाही तरी येतो.

१) आपल्या एमटीपी कायद्यात ‘माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून मी भाग घेणार नाही’ असं म्हणायची तरतूद कुठेच नाही. डॉक्टरसाठीही नाही, नर्ससाठीही नाही. नाही म्हणू नये असंही लिहिलेलं नाही. कायदा गप्प आहे. म्हणजे तुमची मेट्रन आणि तुमचं रोस्टर हाच कायदा.

२) जीव धोक्यात असेल तर कलम ५ प्रमाणे आठवड्यांची मर्यादाही आड येत नाही. तिथे नर्स बाजूला झाली आणि बाईचं काही बरंवाईट झालं, तर ‘धर्म’ हा बचाव टिकेल असं मला वाटत नाही.

३) २०२१ च्या दुरुस्तीने कलम ५अ आलं. बाईचं नाव, माहिती कायद्याने अधिकार असलेल्या माणसाखेरीज कुणाला सांगितली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. वसुधाताईंच्या दुसऱ्या स्टाफने ‘ही तिसऱ्यांदा आलीय’ हे पॅन्ट्रीत बोलताना एवढं लक्षात ठेवावं. एमटीपीचं रजिस्टर तर गोपनीयच ठेवायचं असतं.

गिरगावचा_चौकोन
घ्या. मी एका ओळीत सांगितलं तेच यांनी तीन मुद्द्यांत सांगितलं. वकिलाची फी यासाठीच असते.

जुई_एम
मी स्वतः नाही म्हणणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लिहायला भीती वाटत होती. वसईची आहे, दक्षिण मुंबईत नोकरी करते. माझा धर्म सगळ्यांनी ओळखला असेलच, पण धर्मच कारण आहे असं नका समजू. माझ्याबरोबरची एक जैन मुलगी पण नाही म्हणते आणि एक काहीच न मानणारी पण.

मी नवीन असताना सांगायची हिंमत नव्हती. ट्रे लावायचे, थांबायचे, घरी जाऊन जेवण जायचं नाही. मग एकदा इन्चार्जना सांगितलं. त्या कोकणातल्या, कडक. त्या म्हणाल्या, “टेबलापाशी नको थांबूस. पण बाई टेबलावरून खाली आली की ती माझी-तुझी पेशंट. तिथे तोंड वाकडं केलंस तर मी तुला सोडणार नाही.” तेव्हापासून तसंच करते. ओटीत जात नाही. बाहेर आल्यावर मीच घेते तिला. गरम पाण्याची पिशवी, पॅड, चहा-बिस्किट, आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन दिलंय का ते बघणं. माझ्या मनात काय आहे ते तिला कळता कामा नये. कळलं तर मी नोकरी सोडावी, असं माझं मत आहे.

पण दुसऱ्यांदा आलेल्यांना करणार नाही, हे मला पटत नाही. त्यात तत्त्व कुठलं? एक तर सगळ्यांसाठी नाही, नाहीतर सगळ्यांसाठी हो. मधलं जे आहे ती पेशंटला दिलेली शिक्षा आहे.

निशिगंधा
जुई, कडक सलाम. विचाराने मी तुझ्या अगदी उलट बाजूला आहे, तरी.

लेडीज_डबा
आता माझंही लिहिते. मी पेशंट होते. लग्न झालेलं नव्हतं. एका नामांकित ठिकाणी गेले, नाव घेत नाही. फॉर्म भरताना सिस्टरने विचारलं, “मिस्टर कुठे आहेत?” नाहीत म्हटल्यावर पेन खाली ठेवलं आणि मागे वळून दुसरीला म्हणाली, “ही बघ, मिस नाव सांगतेय.” पुढे सगळं नीट झालं, डॉक्टर चांगल्या होत्या, दुखलं ते विसरलेसुद्धा. ते खाली ठेवलेलं पेन मात्र अजून दिसतं.

जुईसारखी सिस्टर आत आली नसती तरी मला काही वाटलं नसतं. जी होती ती आत आलीच की.

कलम_किडा
लेडीज_डबा, तुमच्याकडून मिस्टरांची सही मागितली असेल तर ती बेकायदा होती. अठरा वर्षांवरील बाईची फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवरा, बाप, सासू कोणी नाही. अठराच्या आतली असेल तर पालकाची. २०२१ च्या दुरुस्तीत ‘विवाहित स्त्री आणि तिचा नवरा’ काढून ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ केलंय आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने अविवाहित बाईलाही २० ते २४ आठवड्यांत गर्भपाताची मुभा देणाऱ्या नियमात घेतलंय. त्याच निकालात आणखी एक आहे जे नर्सेसना माहीत हवं. अल्पवयीन मुलगी आली तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली) पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकाने विनंती केली तर कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही.

नाईट_ड्युटी
हे मला आज कळलं. आमच्याकडे सरळ नाव-पत्त्यासकट कळवतात आणि मुली दारातूनच परत जातात. मग केमिस्टकडून गोळ्या. पुढच्या वेळी येते तेव्हा रक्ताने भिजलेली आणि हिमोग्लोबिन पाचवर. आणि कानात सांगते, “सिस्टर, मी गोळ्या घेतल्यात, आईला सांगू नका.” डॉक्टरला सांगायलाच लागतं, नाहीतर उपचार चुकतील. तेवढं तिला समजावते, पण आईला मी सांगत नाही. केसपेपर आईच्याच हातात असतो हा भाग वेगळा.

दोन_पोरींचा_बाप
माझा प्रश्न कोणाला आवडणार नाही. सगळे हक्क-हक्क म्हणताय. तिसरं बाळंतपण, आधीच्या दोन मुली, पंधरावा-सोळावा आठवडा, कारण लिहिलंय ‘साधन निकामी झालं’. सिस्टरला काय चाललंय ते दिसतं. तिने काय करायचं? म्हैसाळचं प्रकरण २०१७ मध्येच झालं ना, ओढ्याकाठी पुरलेले गर्भ सापडले होते. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा कायदा केला आणि तरी हे असं.

खरवस
आवडणार नाही असं का म्हणता, हाच तर खरा अवघड प्रश्न आहे. गुन्हा आहे तो लिंगनिदानाचा. पण दोन मुली असलेल्या बाईचं साधन खरोखरही निकामी होतं, आणि तिला तेवढाच हक्क आहे जेवढा दोन मुलगे असलेल्या बाईला. तिच्या तोंडाकडे बघून ओळखता येत नाही. झालंय असं की धाडीच्या भीतीने अनेक डॉक्टरांनी बारा आठवड्यांच्या पुढच्या केसेसच बंद केल्यात. मग ती कुठे जाते ते मोगराताईंनी वर लिहिलंय.

सायनची_मोगरा
बाप, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: बाईशी एकटीने बोलायचं. नवरा-सासूला बाहेर काढून. “तुला हवंय का हे?” एवढंच विचारायचं. गाठीशी वेळ नसतो हे खरं, पण त्या एका प्रश्नाने कधी कधी सगळं बाहेर येतं. डॉक्टरपुढे बोलत नाहीत, सिस्टरपुढे बोलतात. आणि ‘नाही’ म्हणाली तर ते डॉक्टरच्या कानावर घालायचं, लेखी. संमती तिचीच लागते ना? मग तीच नसेल तर केस होत नाही.

उलटंही सांगते. एमटीपी करून देतो पण तांबी बसवूनच घे, नाहीतर ऑपरेशन कर, असा दबाव मी अनेकदा बघितलाय. सिस्टरच्याच तोंडून. टार्गेट असायचं. कळा देणाऱ्या बाईला ‘हो’ म्हणायला लावणं याला मी संमती म्हणत नाही. यावर कोणाचा धर्म आड येत नाही, गंमत आहे.

बाबुलनाथ_पायरी
अवांतर: संततिनियमनाचं पहिलं केंद्र मुंबईतच, र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये काढलं. त्यासाठी नोकरी गमावली बिचाऱ्यांनी. शंभर वर्षांनी पॅन्ट्रीत तोच विषय.

गिरगावचा_चौकोन
अवांतर नाही ते. गिरगावात होतं. माझा धागा आहे आता हा.

टेम्सकाठी
मुंबईत ट्रेनिंग, सध्या इंग्लंडात मिडवाइफ. इथे १९६७ च्या कायद्यातच कलम ४ आहे, नाही म्हणायचा हक्क देणारं. त्यामुळे सगळं सोपं असेल असं वाटतं ना? ग्लासगोच्या दोन वरिष्ठ मिडवाइफ कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं असं की प्रत्यक्ष करत नाही तरी लेबर वॉर्डच्या को-ऑर्डिनेटर म्हणून स्टाफ नेमणं, देखरेख करणं, हेही आम्हाला नको. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: हक्क फक्त प्रत्यक्ष हाताने करायच्या कामापुरता. ड्युटी लावणं, देखरेख, इतर पेशंटसाठी करतो तशी साधी कामं त्यात येत नाहीत.

म्हणजे जुईच्या कोकणातल्या इन्चार्जबाईंनी कोर्टात न जाता जवळपास तिथेच रेघ मारली होती.

जुई_एम
हे मॅडमना दाखवते. त्या म्हणतील, “मग? मला काय वाटलं होतं?”

निशिगंधा
माझी एक तक्रार. सगळी चर्चा सिस्टरने नाही म्हणावं का यावर चाललीय. ज्यांना करायचंय त्यांना करू देत नाहीत त्याचं काय? २०१४ च्या दुरुस्तीच्या मसुद्यात सुरुवातीच्या आठवड्यांच्या गर्भपातासाठी प्रशिक्षित नर्सना परवानगी द्यायचं होतं. २०२१ चा कायदा आला तेव्हा ते गायब. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही नर्स हे करू शकतात असं आहे. इथे दुसऱ्या तिमाहीचं सगळं रात्रभर आम्ही सांभाळायचं, पण सहाव्या आठवड्याची गोळी लिहून द्यायला आम्ही अपात्र.

खरवस
माझ्या संघटनेतले लोक हे वाचत नाहीत अशी आशा आहे, पण +१.

नाईट_ड्युटी
निशिगंधा, सहमत. आणि त्यात भर. २०२३ च्या ऑक्टोबरात सव्वीस आठवड्यांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, तेव्हा दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी विचारलं की बाळ जिवंत राहू शकतं, हृदय थांबवायचं का? कोर्टात दिवसेंदिवस चर्चा झाली, शेवटी परवानगी नाकारली. बरोबर-चूक बाजूला ठेवा. डॉक्टरला प्रश्न पडला तर तो देशाच्या वरच्या कोर्टात जातो. आम्हाला एकवीस आठवड्यांच्या केसला पहाटे तोच प्रश्न पडतो, तेव्हा विचारायला फोनवर पेंगणारा हाउसमन (शिकाऊ डॉक्टर) असतो. कधी कधी ते हलतं, क्वचित, थोडा वेळ. पुस्तकात लिहिलेलं असतं की असं होऊ शकतं. त्या वेळी काय करायचं हे आधी ठरवून ठेवा, लिहून ठेवा, एवढीच माझी मागणी आहे. हृदय थांबवायचं इंजेक्शन आधी द्यायचं की नाही, बालरोगतज्ज्ञाला बोलवायचं की नाही. सिस्टरवर सोडू नका.

कलम_किडा
याबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा एप्रिल २०१९ चा निकाल आहे. मूल जिवंत जन्मलं तर त्याला शक्य ते उत्तम उपचार मिळतील हे बघणं डॉक्टर आणि हॉस्पिटलची जबाबदारी, आणि आईबाप सांभाळायला तयार नसतील तर शासनाची. म्हणजे ‘झाकून ठेवा’ असं सिस्टरला कोणी तोंडी सांगितलं तर तिने ते ऐकू नये. लेखी मागावं.

नाईट_ड्युटी
लेखी मागितलं की पुढच्या महिन्यात सगळ्या नाईट आपल्याच. 😐

दोन_पोरींचा_बाप
केईएमच्या सिस्टर्स आठवल्या. लैंगिक हल्ल्यानंतर अचेत झालेल्या त्यांच्या सहकारी नर्स अरुणा शानबागना त्यांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने दयामरणाचा अर्ज फेटाळताना त्यांचं म्हणणं विचारात घेतलं. तेव्हा सिस्टरना विचारलं होतं ना?

निशिगंधा
तिथे त्या जगवणार होत्या म्हणून सगळ्यांना त्यांचा अभिमान. इथे त्याच हातांबद्दल कोणी विचारत नाही. प्रसंग वेगळे आहेत, पण हे खटकतं खरं.

वसुधा_इन्चार्ज
दोन दिवस डबल ड्युटी होती, आता सगळं वाचलं. सगळ्यांचे आभार, चौकोन यांचेही.

असं ठरवलंय. नाही म्हणायचं असेल तर मला आधी सांगायचं, केस टेबलावर असताना नाही. नाही फक्त ओटीपुरतं आणि दुसऱ्या तिमाहीत डोस देण्यापुरतं. आधीची माहिती, नंतरची शुश्रूषा सगळ्यांनी करायची. रक्तस्राव, ताप, बीपी पडलं, की जी जवळ असेल तिने धावायचं. ‘कितव्यांदा आली’ हे कारण चालणार नाही. हे दुसरीला सांगितलं तर रुसली आहे. रुसू दे.

तिसरी, जी बोलत नाही, तिला बसवून विचारलं. म्हणाली, “मॅडम, मला एमटीपीचं काही नाही. या पेशंटना बाळंतिणींच्या शेजारची खाट देतात ना, त्याचा त्रास होतो. एकीकडे पेढे वाटतात आणि मी मधला पडदा ओढत असते.” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कोपऱ्यातली दोन खाटांची खोली मागितली आहे. अॅडमिनचं म्हणणं, ती डिलक्स आहे, महसूल बुडेल.

सायनची_मोगरा
वसुधाताई, डोस देण्यालाही नाही चालेल, हे मला पटलेलं नाही. रात्री एकच स्टाफ असेल तर? मग डोस चुकणार आणि ती बाई आणखी काही तास कळा सोसणार. लहान हॉस्पिटलात हे चालत नाही.

जुई_एम
मोगराताई बरोबर म्हणताहेत. एकटी असेन तर मी देते. आवडत नाही, पण देते. त्याचं काय करायचं ते मी आणि माझा फादर बघू.

वसुधा_इन्चार्ज
रात्री दोन स्टाफ मागायला उद्या पुन्हा अॅडमिनकडे जाते. डिलक्स खोलीच्या अर्जासोबतच देते, एकदाच शिव्या खाईन.

पालघर_लोकल
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या भावजयीला सातवा आठवडा आहे, आधीचं मूल दहा महिन्यांचं. जवळच्या नर्सिंग होममध्ये नवऱ्याची सही आणि आधार कार्ड आणा म्हणतात, भाऊ बोटीवर आहे, चार महिने येणार नाही. काय करावं?

कलम_किडा
वर लिहिलंय तेच. नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची पुरे, फॉर्म सी (संमतीचा फॉर्म). ‘कायद्यात कुठे आहे दाखवा’ म्हणून विचारा.

खरवस
वाद घालत बसू नका, आठवडे जातात. सातवा आहे तोवर गोळ्यांनी होईल. सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात गायनॅक ओपीडीला सकाळी जा, सोनोग्राफी झाली असेल तर रिपोर्ट न्या. केमिस्टकडून काही घेऊ नका.

जुई_एम
पालघर_लोकल, कुठल्या स्टेशनपासून येणार ते व्यनि करा. उद्या माझा ऑफ आहे, ओपीडीपर्यंत मी येते सोबत.